नाळेवरचा डोळा

फॉर्मची मुदत एकतीस मे.
आज सव्वीस. सर्जेकोटला होड्या वर ओढायला लागलेत,
पप्पांच्या हातात ब्रश आहे, माझ्या हातात डबा.

रकाना सात: हाच विषय का?
तीन वेळा लिहिलं, तीन वेळा खोडलं.
कलेचा इतिहास मला आवडतो, असं लिहिलं
तर ते कोलंबी आवडते म्हटल्यासारखं वाटतं.

वालावलकर बाई म्हणतात, बडोद्याला जा.
तिथल्या लायब्ररीत दिवे उशिरापर्यंत चालू असतात
आणि कोणी विचारत नाही, याचं पुढे काय.
भावोजी म्हणतात, बी.एड. कर,
कुडाळला जागा निघणार आहेत.
निघणार आहेत, हे ते चार वर्षं म्हणतायत.
आई काही म्हणत नाही. वाळत घातलेले बांगडे उलटते
आणि विचारते, बडोद्यात मासे मिळतात?

दिल्लीचंही एक पत्रक आलंय. लाल दगडाची इमारत,
पायरीवर बसलेल्या तीन मुली, इतक्या निवांत
की त्यांच्या खोलीचं भाडं कोण भरतं
हेच आधी विचारावंसं वाटतं.

मी अजून एकही मूळ चित्र पाहिलेलं नाही.
पाहिलं ते झेरॉक्समध्ये. अजिंठ्याचं राखाडी कमळ,
राखाडी ओठ, राखाडी आभाळ.
मालवणच्या दुकानातल्या मशीनचा टोनर संपत आलेला,
म्हणून कित्येक शतकं मला जरा फिकटच माहीत आहेत.

सोबत जोडायचा निबंध: एका कलाकृतीविषयी, हजार शब्द.
मी 'सातेरी प्रसन्न' घेतली, दाजी कोयंड्यांची होडी.
तिच्या नाळेवर डाव्या अंगाला पप्पांनी काढलेला डोळा,
पांढरा, निळ्या कडेचा, बुबुळ जरा खाली.
मी लिहिलं: समुद्राकडे पाहणारी प्राचीन नजर.
मी लिहिलं: दृष्ट, देवी, राखण,
दूरच्या बंदरांपर्यंत पोचणारा धागा.
तळटिपा नऊ.

काल रात्री पप्पांना वाचून दाखवलं.
तंबाखू मळायची थांबवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.
मग म्हणाले,
"अगो, तो डोळो नाय. थंय भोक पडलला.
फळी बदलूक दाजीकडे पैशे नाय होते.
राळ भरलंय, वर पत्रो ठोकलंय,
पत्रो दिसाक नको म्हणान रंग काढलंय.
मगे सगळेच म्हणाक लागले, आमकाय डोळो होयो."

आई हसली. मग मीही.
मग झोप आली नाही.

कारण भोक खरं होतं, आणि डोळाही खरा आहे.
या जेटीवर आज सतरा होड्यांना डोळे आहेत,
त्यातल्या सोळा कधी फुटल्याच नाहीत.
पाच तर फायबरच्या. त्यांनाही.
एका पत्र्यापासून सतराव्या बुबुळापर्यंत
नेमकं काय झालं, आधी कोणी मागितला,
आणि कोणाला ठाऊक असून कोण गप्प राहिलं,
हे कुठे शिकवतात? तिथे मला जायचंय.
निबंध चुकला नसता तर हे कळलंच नसतं.

"निळो दी," पप्पा म्हणतात.
मी डबा पुढे करते, आणि दुसऱ्या हाताने,
होडीच्या सावलीत, गुडघ्यावर कागद ठेवून
रकाना सात भरते:
माझ्या वडिलांनी एक भोक बुजवलं.
मी त्याला नजर म्हटलं. मला शोधायचंय
आम्हा दोघांच्या मधे काय घडलं.

ठिकाणासमोर लिहिते, बडोदा.
कागदावर अंगठा उमटतो, निळा, ओला.
पुसत नाही. पुढे कोणाला हवं तर
त्याचा काळ ठरवू दे.

संध्याकाळी बाईंना फोन लावून विचारलं.
मिळतात म्हणाल्या.
"न्हयचे आसतले," आई म्हणाली,
आणि सुक्या बांगड्यांचा
दुसरा डबा भरायला घेतला.